दोस्त कामगार असेल तर हजेरी मशीन आणि पगारपत्रकाची सेवा कितपत उपयोगी? एक परीक्षण

सोलापुरात अक्कलकोट रोडची एमआयडीसी असो, चिंचोळी असो की पूर्व भागातली यंत्रमागांची गल्ली, छोट्या युनिटमधली पहिली भरती जाहिरात देऊन होत नाही. शाळेतला दोस्त, मंडळातला दोस्त, मेव्हण्याच्या ओळखीतला कुणी. टॉवेलच्या मागावर काय आणि युनिफॉर्मच्या शिलाईत काय, सुरुवातीची तीन-चार माणसं घरचीच असल्यासारखी असतात. पुढे कामगार दहा होतात, ईएसआय (कामगार विमा) लागू होतो. वीस होतात, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) लागू होतो. मग कुणीतरी लेबर कन्सल्टंटचं नाव सुचवतं आणि तिथे एक पॅकेज पुढे येतं: चेहऱ्यावर किंवा बोटावर चालणारं हजेरी मशीन, पगाराचं सॉफ्टवेअर, दर महिन्याची पीएफ-ईएसआयची चलनं, नेमणूक पत्रं आणि माणूस सोडून गेला तर त्याचा अखेरचा हिशेब.

हे परीक्षण त्या पॅकेजचं आहे. कुणा एकाचं नाव घेत नाही, कारण या सेवेचा साचा सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच असतो. खरा फरक आपण काय मागून घेतो त्याने पडतो. तपासायचा मुद्दाही एकच ठेवला आहे: मालक आणि कामगार आधीपासून दोस्त असतील, तर या पैशांतून नेमकं काय मिळतं?

निकाल आधीच सांगून टाकू. हजेरी, पगार आणि उचल या तीन गोष्टींसाठी सेवा घ्यावीच. कामाची वाटणी आणि देखरेख यात तिचा उपयोग शून्य. माणूस काढायची वेळ आली तर अर्धवट. पाचपैकी साडेतीन. दोस्ताला कामावर घ्यावं का, या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातूनच निघतं. त्याचं काम मोजता येत असेल आणि त्याला ‘नाही’ म्हणायला तुमच्याशिवाय दुसरं कुणीतरी असेल, तर खुशाल घ्या. महिन्याची फी खरं तर त्या ‘नाही’ म्हणणाऱ्याला द्यायची असते. पीएफचं चलन काय, शिकलेला पोरगाही भरू शकतो.

‘चौदा हजार देतो’ म्हणजे किती?

दोस्ताशी पगार ठरतो तो चहाच्या टपरीवर. “चौदा देतो, ये उद्यापासून.” एवढ्यावर दोघंही खूश. भांडण पहिल्या पगाराला होतं, कारण मालकाच्या डोक्यात ते कागदावरचे चौदा असतात आणि दोस्ताच्या डोक्यात हातात पडणारे.

हिशेब मांडून बघा. कागदावरचा पगार १४,००० आणि पूर्ण रकमेवर पीएफ. कामगाराचा पीएफ १२ टक्क्यांनी १,६८०, ईएसआय ०.७५ टक्क्यांनी १०५, व्यवसाय कर २००. हातात राहिले १२,०१५. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात ११,९१५. (बाईमाणूस असेल तर महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या पगाराला व्यवसाय कर नाही.) मालकाच्या बाजूने पीएफ, विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १३ टक्के, म्हणजे १,८२०, आणि ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ४५५. मालकाचा एकूण खर्च १६,२७५.

आता दोस्ताला खरोखर हातात चौदा द्यायचे असतील, तर कागदावरचा पगार साधारण १६,१२१ ठेवावा लागतो. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला तर १,८००, ईएसआय १२१, व्यवसाय कर २००. उरले बरोबर १४,०००. मालकाचा खर्च मात्र १८,५९५ वर जातो. म्हणजे टपरीवरच्या त्या एका वाक्यात महिन्याला २,३२० रुपयांचा घोळ लपलेला असतो.

चांगला कन्सल्टंट हा तक्ता माणूस रुजू व्हायच्या आधी, दोघांना समोर बसवून, कागदावर काढून दाखवतो. सेवेतली सगळ्यात मोलाची अर्धा तासाची बैठक हीच. ती न घेता थेट आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स मागणारा कन्सल्टंट असेल, तर बैठक मागून घ्या. पगाराची रचनाही तेव्हाच बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त दाखवले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ पगार चार हजार आणि बाकी सगळे भत्ते, ही जुनी युक्ती आता चालत नाही.

आणखी एक चूक दोस्तांच्या बाबतीत हमखास होते. सगळ्यांची नावं पीएफ-ईएसआयला लागतात, फक्त दोस्ताचं राहतं. “आपलाच माणूस आहे, त्याला कशाला कागदात अडकवायचं?” दोस्तालाही ते बरं वाटतं, कारण कपात नाही. पण तो आजारी पडला की त्याच्या दवाखान्याचा खर्च मालकाच्या खिशातून जातो आणि तो पगार होता, मदत होती की उधार, हे कुणालाच ठरवता येत नाही. ईएसआयमध्ये नाव असतं, तर नियमात बसणाऱ्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो आणि उपचार कामगार विमा रुग्णालयात होतात. मशीनवर हात सापडला आणि ईएसआय नसेल, तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्याचंच नाव यादीत सगळ्यात आधी हवं.

मशीन

सोलापुरातल्या कामाला बोटाचं मशीन जपूनच घ्यावं. विडी वळणारे, कांडी भरणारे, खळीत किंवा रंगकामात हात असलेले, यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात किंवा ओलसर असतात. मशीन तीनदा नाकारतं, मागे रांग लागते आणि शेवटी “राहू दे, मी लिहून घेतो” असं म्हणणारा माणूस दारात उभा राहतो. दोस्त कामाला असतील तिथे हा लिहून घेणारा माणूसच धोक्याचा. चेहऱ्याचं मशीन थोडं महाग पडतं, पण कारखान्यासाठी तेच घ्या. बोटाचंच घ्यायचं असेल, तर प्रत्येक हाताची दोन-दोन बोटं नोंदवून ठेवा.

बसवताना तीन गोष्टी बघा. कॅमेऱ्यावर थेट ऊन नको. पश्चिमेकडे दार असेल तर संध्याकाळच्या पाळीला मशीन आंधळं होतं. मागाच्या खात्याच्या आत बसवू नका, कापसाच्या धुळीने काच माखते. बाहेरच्या पडवीत बसवा आणि आठवड्याला मऊ फडक्याने पुसा. वीज गेली तर मशीन चालू राहावं म्हणून राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस जोडा. वीज गेलेल्या अर्ध्या तासात कोण कधी आलं यावर महिनाभर वाद चालतो. कार्ड आणि पिन हे दोन्ही पर्याय बंद करून घ्या. नाहीतर एक दोस्त दुसऱ्याची हजेरी लावणारच. त्यात कुणाला लबाडी वाटत नाही, त्यांच्या लेखी ती मदत असते.

खरी मेख मशीनमध्ये नाही, हजेरी दुरुस्त करायचा अधिकार कुणाकडे आहे यात आहे. बहुतेक युनिटमध्ये तो ऑफिस सांभाळणाऱ्याकडे असतो आणि ऑफिस सांभाळणारा बहुधा दोस्तच असतो. तिथे मशीन असून नसल्यासारखं. पासवर्ड मालक आणि कन्सल्टंट या दोघांकडेच ठेवा. कुणाची नोंद राहून गेली, तर दोन दिवसांत कागदी दुरुस्ती चिठ्ठी: तारीख, वेळ, कारण, कामगाराची सही, सुपरवायझरची सही. चिठ्ठी कन्सल्टंटकडे गेली की तिथे दुरुस्ती होईल. मालकाने तोंडी सांगितलं तरी होणार नाही, हे करारात लिहून घ्या.

सेवेबरोबर अहवालांचा ढीग येतो. उशिराचा अहवाल, जादा कामाचा अहवाल, रंगीत तक्ते. त्यातला एकच दर महिन्याला वाचावा: कुणाच्या नावावर किती दुरुस्त्या झाल्या. एखाद्याच्या महिन्यात तीनपेक्षा जास्त असतील, तर मशीन त्याला ओळखत नाही किंवा तो नियमाला ओळखत नाही. पहिली शक्यता आधी तपासा. दाढी वाढवली, चष्मा लागला तरी जुनं मशीन अडतं.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘तीन उशीर, अर्धा दिवस कापला’ हा नियम आधीच भरलेला येतो. तो काढायला लावा. माणूस जितका वेळ कामावर नव्हता, तितक्याच वेळाचं वेतन कापता येतं. दहा मिनिटांची सूट ठेवा आणि पुढे मिनिटांप्रमाणे कापा. दोस्ताला दोन तासांची कपात पटते, चाळीस मिनिटांसाठी अर्धा दिवस गेला की तो तडक केबिनमध्ये येतो. आणि नियम शब्दशः बघितला तर त्याचंच बरोबर असतं.

उचल

दोस्ती आणि धंदा यांची गाठ सगळ्यात घट्ट बसते ती उचलीत, त्यामुळे सेवेची परीक्षाही इथेच होते.

बिघाड असा होतो. रात्री नऊला फोन येतो, पोराची फी भरायची आहे. मालक स्वतःच्या मोबाइलवरून पाच हजार पाठवतो. ते कारखान्याच्या खात्यातून गेलेले नसतात, म्हणून सॉफ्टवेअरला माहीत नसतात. महिनाअखेर मालकाला आठवण राहिली तर तो कापतो, नाही राहिली तर नाही. असं चार-पाचदा झालं की दोघांच्या डोक्यातला आकडा वेगळा असतो. मालकाला वाटतं पंचवीस बाकी, दोस्ताला वाटतं पंधरा. दोघंही खरं बोलत असतात.

उपाय साधा आहे, पाळणं अवघड. वैयक्तिक खात्यातून दिलेला पैसा हा दोस्ताने दोस्ताला दिलेला पैसा, तो पगारातून कधीच कापायचा नाही. परत आला तर आला. पगारातून कापायची ती उचल फक्त कारखान्याच्या चालू खात्यातून, ‘उचल’ असा शेरा लिहून, आणि अर्ज आल्यावरच. मर्यादा आधी ठरवा. हातात पडणारा एका महिन्याचा पगार, त्याहून जास्त नाही, हे प्रमाण बहुतेकांना झेपतं. पहिली फिटल्याशिवाय दुसरी नाही. अर्ज महिन्याच्या दहा तारखेपर्यंत. यातलं काहीही नवीन नाही, पण हे नियम कन्सल्टंटच्या लेटरहेडवर छापून भिंतीवर लागले, की मालकाला “माझ्या हातात नाही रे, सिस्टीम घेत नाही” म्हणता येतं. अर्धखोटं आहे, पण गुणकारी.

हप्ता ठरवताना कायद्याची वरची रेघ लक्षात ठेवा: सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. १४,००० च्या पगारात निम्मे म्हणजे ७,०००. त्यातले १,९८५ पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर घेऊन जातात. उचलीच्या हप्त्याला जास्तीत जास्त ५,०१५ उरतात. प्रत्यक्षात इतका हप्ता लावू नये, माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा उचल मागतो. १२,००० ची उचल असेल तर हजाराचे बारा हप्ते, नाहीतर दीड हजाराचे आठ. सॉफ्टवेअरमध्ये उचलीचं वेगळं खातं उघडलंय का आणि पगाराच्या चिठ्ठीवर ‘बाकी उचल’ ही ओळ छापून येते का, हे पहिल्याच महिन्यात तपासा. काही ठिकाणी फक्त ‘इतर कपात’ असं येतं. तसली चिठ्ठी परत पाठवा.

चिठ्ठीवरून आठवलं: बऱ्याच सेवांची पगारचिठ्ठी फक्त इंग्रजीत असते. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे आणि मराठी वाचणारे कामगार आहेत, अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या घरी कानडी असते. निदान मराठी चिठ्ठी मागा. वाचता न येणारी चिठ्ठी समजावून सांगायला लोक मालकाच्या दोस्ताकडे जातात, आणि मग तो आपोआप मधला माणूस बनतो.

जिथे मशीनचा हात पोचत नाही

बाकीच्या कामगारांचा राग दोस्ताच्या पगारावर नसतो. तो किती घेतो हे सगळ्यांना माहीत असतं. राग असतो तो त्याला सोपं काम मिळतं याचा, आणि हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

शिलाईचं घ्या. पीसरेटवर (नगावर मजुरी) पांढरा साधा शर्ट आणि मुलींचा प्लेट्सवाला पिनाफोर यांचे दर वेगळे असले, तरी कोणत्या लॉटला दर परवडतो आणि कोणत्याला नाही, हे प्रत्येक कारागिराला पाठ असतं. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून मार्च ते मे हा घाईचा काळ. त्या काळात दोस्ताच्या मशीनपुढे सतत साधे शर्ट दिसले, की एप्रिलमध्येच दोन चांगले कारागीर शेजारच्या युनिटमध्ये जातात. यावर तोंडी न्याय चालत नाही. कटिंग झाली की प्रत्येक बंडलावर क्रमांक टाका, बंडलं क्रमाने रचा आणि नियम एकच: हातातलं संपलं की वरचं उचलायचं, निवडायचं नाही. वहीत बंडल क्रमांक, घेतल्याची वेळ, दिल्याची वेळ, चेकिंगला परत आलेले पीस. वही भिंतीला दोरीने बांधलेली असावी, कुणालाही बघता यावी.

मागावर हेच भांडण वेगळ्या रूपात येतं. चांगला माग कुणाला, धागा सारखा तुटणारा कुणाला आणि रात्रपाळी कुणाला. पाळीचं पत्रक तीन महिन्यांचं एकदम लावा. अदलाबदल दोघांच्या सहीनेच. जॉबर (मागांची देखरेख-दुरुस्ती करणारा) दोस्त असेल तर कोणता माग किती वेळ बंद होता याची नोंद विणकराने करायची, जॉबरने नाही.

सुट्टीचा प्रश्न तर खास इथला आहे. दोस्त एकाच गल्लीतले, म्हणजे एकाच मंडळातले. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ, गणपतीआधी महिनाभर लेझीमचा सराव. चार दोस्त कामाला असतील, तर चौघांनाही सुट्टी त्याच दिवशी हवी असते आणि स्वतः मालकही त्याच मंडळात असतो. कटिंगचे दोघंही दोस्त असतील, तर त्या दिवसांत पुढची पंधरा मशीनं रिकामी बसतात. म्हणून भरतीच्या वेळीच बघा: एका विभागात एकाच मंडळाचे दोघांपेक्षा जास्त नकोत. सुट्टीचा अर्ज पंधरा दिवस आधी, एका विभागातून एका दिवशी एक तृतीयांशाहून जास्त माणसं बाहेर नाहीत, आणि यंदा ज्याला मिळाली त्याचा नंबर पुढच्या वर्षी शेवटी. साध्या सॉफ्टवेअरमध्ये ही विभागवार मर्यादा बसवता येत नाही. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर आणि लाल पेन पुरतं.

पीसरेटवाल्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: सॉफ्टवेअर पीसची संख्या घेतं का, की फक्त दिवस? दिवसांवरच चालणारं असेल, तर दर महिन्याला कुणीतरी एक्सेलमध्ये पीसचे पैसे काढून हाताने टाकतं. मग तो आकडा टाकणारा कोण, हा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

कोणत्या कामावर दोस्त चालतो

पीसरेटची शिलाई, माग, इस्त्री, पॅकिंग: हरकत नाही, काम दिसतं आणि मोजता येतं.

कटिंग मास्तर दोस्त असेल तर चालतो, पण कपड्याचा हिशेब लॉटमागे लॉट बंद करायचा. उदाहरणार्थ ५०० शर्टांचा लॉट, ठरलेला खप शर्टामागे दीड मीटर, म्हणजे ७५० मीटर. दिले ७८०. दोन टक्के घट धरली तर १५ मीटर. उरलेले १५ मीटर स्टोअरला परत आले पाहिजेत, तुकड्यांच्या वजनासकट. परत आले की दोघांची सही. हा कागद दोस्तावर संशय म्हणून नको, सगळ्या मास्तरांसाठी पहिल्या लॉटपासून हवा. कमी पडल्यावर सुरू केला, तर तो संशयच ठरतो.

रोख, बँकेचा ओटीपी आणि सूत व्यापाऱ्यांशी दर ठरवणं, या तिन्ही गोष्टी एकाच दोस्ताकडे देऊ नका. तीनपैकी कुठलीही एक द्या. सुपरवायझरची जागा सगळ्यात अवघड. त्याने कुणाला टोकलं तर ‘मालकाचा माणूस’, नाही टोकलं तर काम जातं. दोस्त आधी दोन वर्षं दुसऱ्या युनिटमध्ये सुपरवायझर होता, असं असेल तरच विचार करा.

नेमणूक पत्र आणि ‘आपण दोघांनी उभं केलं’

नव्या संहितांनुसार नेमणूक पत्र द्यावंच लागतं. पॅकेजमध्ये त्याचा छापील नमुना येतो. दोस्तासाठी तो जसाच्या तसा वापरू नका, त्यात चार गोष्टी भरून घ्या: पद आणि त्या पदाचं नेमकं काम, तो कुणाला जबाबदार (मालकाला थेट नको, मध्ये सुपरवायझर किंवा मॅनेजर हवा), उचलीचा नियम, आणि नफ्याबद्दल काय ठरलंय.

शेवटची गोष्ट बहुतेक जण टाळतात. सुरुवातीच्या दिवसांत “चाललं तर तुझाही वाटा” असं बोललेलं असतं. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ६ नुसार, नोकराला मोबदला म्हणून नफ्यातला भाग दिला एवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही. पण तो नोकर म्हणूनच दिला होता, हे दाखवायला कागद लागतो. म्हणून वाटा द्यायचाच असेल, तर पत्रात ‘प्रोत्साहन रक्कम’ म्हणून लिहा आणि ती नफ्याऐवजी मोजता येणाऱ्या गोष्टीवर लावा, जसं महिन्यात पाठवलेले पीस किंवा परत न आलेला माल. नफा किती झाला यावर दोस्तांमध्ये एकमत होत नाही, पाठवलेल्या पिसांवर होतं. व्हिजिटिंग कार्डावर ‘पार्टनर’ छापू देऊ नका. बाजारात त्याच्या शब्दावर सूत उचललं गेलं, तर बिल कारखान्याच्या दारात येतं. आणि स्वतःला भागीदार म्हणवून घेणारा माणूस, उधारी देणाऱ्याने त्यावर विसंबून माल दिला असेल, तर स्वतःही अडकतो. हे दोस्ताला समजावून सांगितलं, तर तो स्वतःच कार्ड बदलतो.

सोडताना

इथे सेवेला गुण कमी दिले, कारण बहुतेक पॅकेज अखेरचा हिशेब काढून देतं आणि थांबतं. काढलेल्या किंवा स्वतःहून सोडलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. तोपर्यंत हजेरी, जादा काम, बाकी उचल, शिल्लक रजा यांचे आकडे तयार हवेत. मशीन आणि सॉफ्टवेअर नीट चालवलं असेल, तर हे एका संध्याकाळी होतं. ग्रॅच्युइटी बहुतेकांच्या लक्षातच नसते. कायम कामगाराची पाच वर्षं झाली असतील, तर शेवटच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं. वेतन १३,००० असेल, तर वर्षाला ७,५००, सहा वर्षांचे ४५,०००. सुरुवातीपासून सोबत असलेला दोस्त हाच पहिला ग्रॅच्युइटीवाला असतो. ही रक्कम आधीच बाजूला ठेवली नसेल, तर नेमकी भांडणाच्या महिन्यात द्यावी लागते.

नोटीस, भरपाई, गैरवर्तन असेल तर चौकशी: यासाठी कन्सल्टंट पुरत नाही, कामगार कायद्याचा वकील लागतो. त्याची फी पॅकेजमध्ये धरलेली नसते, हे आधीच विचारा. ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे वाक्य रागात मेसेज करून पाठवलं, की पुढचं सगळं महाग पडतं.

आणि एक बारीक काम, जे राहिलं की दोस्त वर्षभर फेऱ्या मारतो: पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख भरणं. ती सहसा मालकाच्या लॉगिनमधून पडते आणि तिच्याशिवाय त्याचे पैसे निघताना अडतात. मालक मुद्दाम अडवतोय असा समज तिथेच होतो, खरं तर कन्सल्टंटच्या पोराने ती ओळ सोडलेली असते. अखेरच्या हिशेबाच्या कागदावर या तारखेचा स्क्रीनशॉट जोडून मागा. सोबत परत घेण्याच्या वस्तूंची यादी: चाव्या, कंपनीचं सिम, पेपर पॅटर्न, ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद. ग्रुपचं अ‍ॅडमिनपद सगळेच विसरतात.

घ्यावी की नको

माणसं दहाच्या आत, सगळे पीसरेटवर आणि दोस्त एखाद-दुसराच असेल, तर पूर्ण पॅकेजची गरज नाही. बंडलाची वही, उचलीचं रजिस्टर, बँकेतून पगार आणि नेमणूक पत्र, एवढं स्वतः करता येतं. दहाच्या वर गेलात किंवा ऑफिसात दोस्त बसला, की घ्या. फी बहुधा माणशी ठरते आणि खाली एक किमान रक्कम असते. किमान रकमेत किती माणसं धरली आहेत ते विचारा, नाहीतर बारा माणसांसाठी पंचवीसची फी जाते. चलनं दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागतात, उशीर झाला तर व्याज आणि दंड कुणी सोसायचा हे करारात हवं. पैसे कन्सल्टंटच्या खात्यात देऊ नका, चलन थेट कारखान्याच्या बँकेतून भरा.

कन्सल्टंटही दोस्तच असेल तर? सोलापुरात हेही होतं, मंडळातला एखादा तेच काम करत असतो. मग तक्ता, चिठ्ठी, दुरुस्तीची नोंद, सगळं मित्रमंडळाच्याच हातात. तिथे तरी अनोळखी माणूस शोधा, आणि सेवा बदलायची वेळ आली तर हजेरीच्या नोंदी, उचलीची खाती आणि मशीनचा पासवर्ड आठवड्याच्या आत एक्सेलमध्ये परत मिळेल, ही ओळ करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.